नजरेची रेघ

माझा दादा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घ्यायला लागला तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, तो नेहमीसारखा महिन्याच्या तपासणीला गेला असताना, डॉक्टर बाईंनी चिठ्ठी लिहून झाल्यावर त्याला विचारलं, की तुझी धाकटी बहीण आहे ना, तिला एकदा माझ्याकडे पाठवशील का?

दादाने हे जेवताना सांगितलं. आईचा हात भाकरीवरच थांबला. तिला काय झालंय, असं तिने विचारलं.

"काही झालेलं नाही, म्हणूनच बोलावलंय," दादा म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितलं. हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. पण एकाच आईबापाच्या दोन मुलांपैकी एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही. अशा त्या दुसऱ्यात, म्हणजे धडधाकट भावंडात, आजाराच्या काही बारीक खुणा सापडतात का, हे बाई तपासत होत्या. नजर, लक्ष, स्मरणशक्ती, वास ओळखणं, हाताच्या हालचाली. सुई टोचायची नाही, औषध द्यायचं नाही.

आई मूळची उरणजवळच्या जासईची. लग्न होऊन पनवेलला आली त्याला तीस वर्षं झाली होती, तरी तिचं बोलणं गावाकडचंच राहिलं होतं. "माझ्या पोरीला काय झाला नाय," ती म्हणाली. "आनि तिचं लगीन व्हायचं हाय अजून. ती पन तिथं जाते असं लोकांना कल्लं, तर दारात कोन येईल?"

बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं मत पडलं, की तपासून घेतलेलं बरं. आयुष्यभर त्यांनी ट्रकवाल्यांना हेच सांगितलं होतं.

मी तयार झाले ती दादामुळे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो आजारी पडला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पण औषध लागू पडल्यावर त्याने कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये एका पेंटरच्या हाताखाली काम धरलं, आणि दोन वर्षांत स्वतः ट्रक रंगवायला लागला. नंबर, मालकाच्या मुलांची नावं, कमळं, मोर. त्याचं अक्षर इतकं सुबक होतं, की तो दुसऱ्या गाडीवर असला तर ड्रायव्हर दोन-दोन दिवस थांबून राहायचे. आजारानंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "चल ना. मी एकट्यानेच किती वर्षं तपासून घ्यायचं?"

बाईंचा दवाखाना नवीन पनवेलमध्ये होता आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर त्यांनी तपासणीची यंत्रं मांडली होती. घराण्याची माहिती हवी म्हणून आईबाबांनाही बोलावलं होतं. रविवारी सकाळी आम्ही चौघं रिक्षाने गेलो. आई ओढणीने तोंड झाकून घे म्हणून मला सांगत होती आणि स्वतः मात्र रिक्षातून वाकून ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघत होती.

बाईंच्या हाताखाली एक तरुण मुलगी काम करायची. तिने वही उघडून विचारलं, घराण्यात आणखी कुणाला असा त्रास होता का? बाबा लगेच म्हणाले, हिच्या चुलत मामाला होता, तो खाडीवर बसून भरतीच्या पाण्याशी बोलायचा. आई म्हणाली, आणि तुमच्या आत्याचं काय? ती वर्षभर माळ्यावरून खाली उतरली नव्हती. बाबा म्हणाले, ती वेडी नव्हती, खाली तिची सासू होती म्हणून उतरत नव्हती. मुलीने पेन थांबवलं आणि विचारलं, मग मी कुणाच्या बाजूला लिहू? आई आणि बाबा, दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. दादाला इतकं हसू आलं की तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

मग माझी पाळी आली. आधी प्रश्न होते. लोक तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का, असा एक होता. मी हो म्हटलं. मुलीचा चेहरा गंभीर झाला. किती वेळा, तिने विचारलं. मी सांगितलं, की मी पंचवीस वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही, भाऊ आजारी आहे आणि रोज संध्याकाळी सात वाजता मी कंपनीच्या बसमधून आळीच्या तोंडाशी उतरते. बोलत नसतील तरच नवल. तिला यावर काय लिहावं ते कळेना. ती आत जाऊन बाईंना विचारून आली. बाई आतूनच म्हणाल्या, "खरंच बोलत असतील तर 'नाही'वर खूण कर."

टेबलावर मूठ, मग हाताची कड, मग तळवा, असं भराभर आपटायचं होतं. ते मला जमलं. बाबांनी बाकावर बसल्या बसल्या करून पाहिलं, त्यांची सारखी मूठच येत होती. वासाच्या बाटल्या होत्या: लवंग, लिंबू, कापूर, हिंग. मी एक सोडून सगळे ओळखले. दादाचीही तपासणी होतीच; त्याने प्रत्येक बाटलीला थिनर म्हटलं. वर्षानुवर्षं रंगात काम करून त्याचं नाक कामातून गेलं होतं, हे त्या मुलीला लिहून घ्यावं लागलं.

नंतर आकडे आणि अक्षरं. ती मुलगी मिसळून म्हणायची आणि मी आकडे वेगळे, अक्षरं वेगळी करून ओळीने परत सांगायचे. मला हसूच आलं. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं तपासायचं काम करायचे. आईच्या लहानपणी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले होते, आणि प्रत्येकाला चार अक्षरं आणि सात आकडे. दिवसाला शे-दीडशे नंबर माझ्या नजरेखालून जायचे. तिच्याकडची सगळ्यात लांब ओळही मी बरोबर सांगितली. उलट एकदा तीच वाचताना चुकली आणि मी ती चूक दाखवली.

शेवटी नजरेची तपासणी. एका टेकूवर हनुवटी ठेवायची, डोकं हलवायचं नाही, आणि पडद्यावर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या ठिपक्यामागे फक्त डोळे न्यायचे. दुसऱ्या खेपेला उलटं होतं. ठिपका डावीकडे उमटला की उजवीकडे बघायचं, उजवीकडे उमटला की डावीकडे. वाटलं होतं, यात काय आहे. पण ठिपका उमटला की माझे डोळे त्याच्याकडेच धावायचे. पुन्हा पुन्हा. मी मनात ठरवायचे, आता नाही बघायचं, आणि बघायचेच.

झाल्यावर मी उठले तर शेजारच्या कॉम्प्युटरवर माझ्या नजरेची रेघ दिसत होती. ठिपका सरळ चालत होता आणि माझी रेघ त्याच्यामागे उड्या मारत होती. टेबलावर नमुन्याचा एक कागद पडला होता, त्यावरची रेघ मात्र एकसारखी वळणं घेत गेलेली. आणि त्याखाली दादाचं नाव लिहिलेला कागद. त्याची रेघ माझ्यासारखीच होती. मी विचारलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, एकेकाचा निकाल सांगायची आम्हाला परवानगी नाही. पण कागद ताडून पाहणं हीच माझी नोकरी होती. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी जाताना सगळे खुशीत होते. बाबांनी चौघांना उसाचा रस पाजला. रेघेचं मी मनातच ठेवलं.

पुढचे तीन आठवडे मी स्वतःवर पहारा ठेवला. दूध उतू गेलं की वाटायचं, लक्ष जायला लागलं. नवीन साहेब शेजारच्या टेबलाशी हळू बोलले की वाटायचं, माझ्याबद्दल तर नाही? आणि लगेच वाटायचं, आपल्याला असं वाटलं म्हणजेच ते सुरू झालं. एरवी मी पडल्या पडल्या झोपणारी, पण तेव्हा कुशी बदलत राहायचे. आईने ओळखलं, पण तिला वाटलं लग्नाची काळजी आहे.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये मी एकटीच असताना, कुणीतरी माझं नाव घेतलं. पुरुषाचा आवाज, छताकडून आल्यासारखा. मी दार उघडून पाहिलं. कुणी नव्हतं. परत आले तर पुन्हा तेच, या वेळी आडनावासकट. डोकं दुखतंय असं सांगून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी न जाता कळंबोलीला उतरले.

दादा एका टँकरच्या मागे स्टुलावर बसून अक्षरं काढत होता. मला बघून त्याने ब्रश ठेवला. मी त्याला सगळं सांगितलं, रेघेपासून आवाजापर्यंत. मधेच रडायला आलं. मला वाटलं होतं तो घाबरेल.

"ऑफिसात कुणाला विचारलंस का, त्यांनाही ऐकू आलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग विचार. आत्ता फोन लाव."

मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फोन लावला आणि आडून आडून विचारलं. त्या हसायलाच लागल्या. त्या दिवशी यार्डात नवीन भोंगे बसवले होते. वॉचमनने माइक चालतो का ते पाहायला हजेरीपटावरची नावं ओळीने वाचली होती. आमच्या केबिनवरचा भोंगा मधेच बंद पडत होता, माझ्या नावाला तेवढा लागला, आणि खरखर झाली म्हणून ते त्याने दोनदा घेतलं. त्यांचंही घेतलं होतं, साहेबांचंही.

मी फोन ठेवला आणि दादाला सांगितलं. आम्ही दोघं एवढे हसलो की टँकरचा ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरून बघून गेला.

मग दादाने दोन चहा मागवले आणि त्याच्या त्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच मला सांगितलं. आधी झोप गेली. मग कॉलेजचे मित्र नकोसे झाले. मग बातम्या वाचणारी बाई आपल्याला काहीतरी सुचवते आहे असं वाटायला लागलं, आणि त्यात त्याला काही चूक वाटत नव्हती, उलट सगळं कोडं सुटल्यासारखं वाटायचं.

"डोळ्यांचं तर मला काही कळलंच नाही," तो म्हणाला. "आणि मी सहा महिने कुणाला काही सांगितलं नाही. तू तीन आठवड्यांत आलीस. असंच येत जा. मला सांग, आईला सांग, पण सांगत जा."

पुढच्या तपासणीला मी त्याच्याबरोबर गेले आणि बाईंना सरळच विचारलं, की माझी रेघ दादासारखी आहे, तर मला हा आजार होणार का? बाईंनी आधी त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागद तसा उघडा ठेवायला नको होता, असं म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. मग बसवून नीट सांगितलं.

"अशी रेघ या आजाराच्या पेशंटमध्ये जास्त सापडते. त्यांच्या निरोगी भावंडांतही थोडी जास्त सापडते. आणि ज्याच्या घरात हा आजार कधीच नव्हता अशा माणसातही सापडते. पुष्कळ माणसं एकत्र पाहिली तर फरक दिसतो. एकट्या तुझ्याबद्दल त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. आणि कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, तर त्याच्याकडे जाऊ नकोस."

मी विचारलं, म्हणजे मला होणार नाही? तसंही त्या म्हणाल्या नाहीत. शेजारणीपेक्षा माझा धोका जास्त आहे, पण बहुतेक भावंडांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही, आणि वय वाढेल तसा धोका कमीच होत जातो, एवढं सांगितलं. झोप सांभाळ, काही वेगळं वाटलं तर ताबडतोब ये, आणि तोपर्यंत नोकरी कर, सिनेमे बघ. मी आले तेव्हा जेवढी हलकी व्हायची आशा धरून आले होते तेवढी झाले नाही, पण त्या रात्री झोप मात्र चांगली लागली.

निघताना त्यांनी एक काम सांगितलं. भावंडांशी तुलना करायला त्यांना त्याच वयाची, घरात हा आजार नसलेली माणसं हवी होती आणि ती मिळत नव्हती. कुणी ओळखीचं असेल तर पाठव, म्हणाल्या.

ओळखीचं एक होतं, पण मी त्याला पाहिलेलं नव्हतं. द्रोणागिरीच्या एका गोदामातून मला रोज सकाळी साडेदहाला फोन यायचा. आज कुठले कंटेनर सुटणार त्यांचे नंबर मी वाचायचे आणि पलीकडचा माणूस ते लिहून घ्यायचा. आठ महिने हेच चाललं होतं. आवाज शांत होता, चुकलं तर चिडायचा नाही. एक दिवस शेवटचा नंबर लिहून झाल्यावर त्याने त्याच आवाजात विचारलं, "आणि तुमच्या घरी आईबाबांना भेटायला आलो तर चालेल?"

मी म्हटलं, आधी मला भेटा. घरी येण्याआधी तुम्हाला काही सांगायचंय.

आम्ही रविवारी संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठी भेटलो. तो मला वाटला होता त्यापेक्षा उंच होता आणि पाणीपुरी खाताना त्याच्या शर्टावर सांडली. मी त्याला दादाबद्दल सांगितलं. तपासणीबद्दल सांगितलं, उड्या मारणारी रेघ, बाई काय म्हणाल्या ते, सगळं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, तपासणीत काय काय असतं? मी सांगितलं. मग म्हणाला, "त्यांना माणसं हवीत म्हणालात ना? मी जाऊन येतो."

तो खरंच गेला. पुढच्या सोमवारी साडेदहाला फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. नंबर बाजूला राहिले. त्याने सांगितलं, की कापराला तो व्हिक्स म्हणाला आणि हिंगाला मोजे. दहा शब्दांतले चार लक्षात राहिले. आणि त्या उलट्या ठिपक्याच्या वेळी तर डोळ्यांनी एकदाही ऐकलं नाही. ती मुलगी पुन्हा पुन्हा नियम समजावून सांगत होती, तिला वाटलं त्याला कळलाच नाही.

"आणि मला निरोगी माणसांच्या यादीत घातलंय त्यांनी," तो म्हणाला. "मला वाटलं मी तुमच्यापेक्षा बरा असेन, मग तुम्हाला धीर देता येईल."

मी फोनवर इतकी मोठ्याने हसले की साहेबांनी वर पाहिलं. मला एवढा धीर तोवर कुणी दिला नव्हता.

त्याने घरी काही लपवलं नाही. त्याच्या आईला ते पटलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. दोन महिने तिकडून काही हालचाल नव्हती. मग एका शनिवारी त्या एकट्याच आमच्या घरी आल्या. दादा जेवत होता. त्यांनी त्याच्याशीच बोलायचं आहे म्हणून सांगितलं. गोळ्या कुठल्या, किती, झोप लागते का, कामावर रोज जातोस का. दादाने एकेक उत्तर दिलं आणि मग त्यांना विचारलं, तुम्ही थोडं जेवता का? आईने सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. त्या दोन भाकऱ्या जेवल्या, तरी होकार दिला नाही. जाताना डॉक्टर बाईंचा पत्ता मागून घेतला.

त्या खरंच बाईंकडे जाऊन आल्या ते आम्हाला नंतर कळलं. होणाऱ्या सुनेची हमी द्या, असं त्यांनी मागितलं होतं. बाईंनी सांगितलं, तिची हमी देणार नाही, तुमच्या मुलाचीही देणार नाही, आणि माझी स्वतःचीही नाही. घरी येऊन सासूबाई मुलाला म्हणाल्या, "ती डॉक्टर कुणाचीच बाजू घेत नाही. बाई खरी आहे." लग्न मार्गशीर्षात झालं. आईने आळीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन पत्रिका दिली.

बाईंनी तीन वर्षांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं. मला तेव्हा सातवा महिना होता आणि पोटामुळे हनुवटी टेकूपर्यंत पोचेना. खुर्ची मागेपुढे करून शेवटी मी तिरकी बसले. नवरा बाहेर बाकावर बसून लवंग आणि दालचिनीचे वास पाठ करत होता, याला मनाई आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाळाचं काय, असं मी बाईंना विचारलं. धोका आणखी लांब जातो, त्या म्हणाल्या, आणि जे तुला सांगितलं तेच पुढे बाळाला सांगायचं, योग्य वयात, न घाबरवता. माझी मुलगी आता शाळेत जाते. मामा रोज गोळ्या का घेतो ते तिला ठाऊक आहे, जसं आजोबांची साखर ठाऊक आहे तसंच.

मला आजवर काही झालेलं नाही. दादाला मात्र एकदा पुन्हा त्रास झाला. बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या अर्ध्या केल्या होत्या, आम्हाला न सांगता. पण एका सकाळी सात वाजता तो स्कूटरवरून आमच्या दारात आला आणि म्हणाला, "चार रात्री झोप नाही. काल रेडिओ माझ्याशी बोलतोय असं वाटलं. चल माझ्याबरोबर."

नवऱ्याने गोदामात फोन करून सुट्टी घेतली, मी मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि आम्ही तिघं नऊच्या आत दवाखान्यात होतो. बाईंनी गोळ्या वाढवल्या, दादाला थोडं रागावल्या आणि लवकर आल्याबद्दल त्याची पाठही थोपटली. पहिल्या वेळी सावरायला चार वर्षं लागली होती. या वेळी तो दीड महिन्यात कामावर गेला. संध्याकाळी मला त्याचा फोन आला. तो चांगलाच वैतागलेला होता. तो नसताना त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ट्रकच्या मागे दुसऱ्याकडून गरुड काढून घेतला होता, आणि दादाच्या मते ती सरळ सरळ कोंबडी होती.